मिलफर्डचा अंडरटेकर : थॉमस लिंच आणि एका व्यवसायाचे आत्मनिवेदन

इंग्रजीतील ‘अंडरटेकर’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, आणि ही केवळ कोशातील उणीव म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच की, एखादे काम जो अंगावर घेतो, पत्करतो तो. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा शब्द प्रेतव्यवस्था पत्करणाऱ्याला लावला जाऊ लागला आणि पुढे त्याचे इतर अर्थ गळून पडून तो मृतांशीच बांधला गेला. मराठी समाजात हे काम एका माणसाने पत्करण्याचे नव्हतेच. ते वाटून घेतलेले होते. तिरडी बांधणारे शेजारी, खांदा देणारे भाऊबंद, मडके धरणारा मुलगा, क्रिया चालवणारा किरवंत आणि परगावी मृत्यूची वार्ता घेऊन धावणारा महार, अशी ती विभागणी होती. यांतील शेवटच्या दोघांना हे काम जन्माने चिकटले होते आणि त्या कामाचा विटाळही. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘किरवंत’ या नाटकात स्वजातीनेच दूर ठेवलेला क्रियाकर्मी ब्राह्मण भेटतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मर्तिकाची वार्ता पोहोचवणे हे महारकीच्या असंख्य कामांपैकी एक म्हणून येते. मृताची सेवा करणारा माणूस मराठी साहित्यात आला तो असा, अवमानाची खूण अंगावर वागवीत.

अमेरिकेत हेच काम रस्त्यावर पाटी लावून, परवाना घेऊन आणि मोबदला ठरवून केले गेले. तेथे या माणसाला विटाळ चिकटला नाही. चिकटला तो संशय. दुसऱ्याच्या दुःखावर पोट भरणारा, शोकाच्या भरात सही करून घेणारा, गुळगुळीत बोलणारा गृहस्थ, ही त्याची विसाव्या शतकातील प्रतिमा होती. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत, चित्रपटांत तो आला तो बहुधा विनोदासाठी किंवा भयासाठी. या पार्श्वभूमीवर मिशिगन राज्यातील मिलफर्ड या लहान गावचा अंडरटेकर थॉमस लिंच १९९७ साली ‘द अंडरटेकिंग’ हे निबंधांचे पुस्तक घेऊन पुढे आला, ही घटना वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय ठरते. ज्याच्याविषयी सर्व जण लिहीत होते, तो स्वतः लिहू लागला होता. ते पुस्तक त्या वर्षी नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत आले आणि १९९८ साली त्याला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले.

या आत्मनिवेदनाचे वजन समजण्यासाठी व्यवसायाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील मृतदेह घरीच राहत असे. घरातील व शेजारच्या स्त्रिया त्याला स्नान घालीत, कपडे चढवीत. गावचा सुतार शवपेटी करून देई. घोड्यांच्या तबेल्याचा मालक गाडी पुरवी. अंडरटेकर झाला तो बहुधा याच सुतारांतून किंवा तबेलेवाल्यांतून. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने हे चित्र पालटले. दक्षिणेच्या रणभूमीवर पडलेल्या मुलाचे शव उत्तरेतील घरी आणायचे तर ते टिकले पाहिजे, या गरजेतून शवलेपनाची विद्या पुढे आली. १८६५ च्या वसंत ऋतूत अब्राहम लिंकन यांचे लेपन केलेले शव वॉशिंग्टनपासून स्प्रिंगफील्डपर्यंत आगगाडीने नेण्यात आले आणि वाटेतील शहरांत लक्षावधी लोकांनी त्याचे दर्शन घेतले. शवलेपनाची एवढी मोठी जाहिरात दुसरी कोणती झाली नसती. पुढे १८८० साली मिशिगनमधील अंडरटेकरांनी आपली राज्यसंघटना स्थापन केली आणि १८८२ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ‘अंडरटेकर’ हे जुने नाव मागे टाकून ‘फ्यूनरल डायरेक्टर’ हे नवे नाव याच काळात रूढ झाले. सुताराला व्यावसायिक व्हायचे होते. डॉक्टर-वकिलांच्या पंक्तीला बसायचे होते. लिंच यांनी आपल्या पुस्तकासाठी मुद्दाम जुनेच नाव निवडले, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

लिंच यांचा जन्म १९४८ सालचा, डेट्रॉइटचा. घराणे आयरिश कॅथलिक. त्यांचे पणजोबा १८९० च्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगण्यातून, मोव्हीन नावाच्या वस्तीतून, मिशिगनमधील जॅक्सन या गावी आले. घराण्यात अंत्यविधीचा व्यवसाय शिरला तो वडिलांपासून, आणि त्याचा उगम लिंच यांनी एका प्रसंगात शोधला आहे. हा प्रसंग त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतो. वडील एडवर्ड हे १९३६ साली बारा वर्षांचे होते. त्यांचे धर्मगुरू असलेले काका प्रकृतीसाठी नैऋत्येकडील कोरड्या हवेच्या प्रदेशात राहत असताना वारले व त्यांचे शव जॅक्सनला आणले गेले. घरातील वडीलधारे अंडरटेकरशी बोलत असता मुलगा हिंडत हिंडत तळघराशी गेला. तेथे बाह्या सरसावलेली दोन माणसे त्याच्या काकांना धर्मगुरूची वस्त्रे चढवीत होती. वस्त्रे चढवून झाल्यावर दोघांनी मिळून शव हळुवार उचलले आणि पेटीत ठेवले. त्या क्षणी मुलाने आपले आयुष्य ठरवले.

लिंच यांना पडलेला प्रश्न असा की, धर्मगुरूचे शव पाहून मुलाला धर्मगुरू का व्हावेसे वाटले नाही. कॅथलिक घरात तेच साहजिक होते. त्यांचे उत्तर त्या उचलण्यापाशी येऊन थांबते. मुलाने वस्त्रे पाहिली, परंतु मनात राहिली ती उचलण्याची क्रिया: दोन जिवंत माणसांनी एका मृताचा भार घेतला होता. मराठी वाचकाला येथे ‘खांदा देणे’ हा वाक्प्रयोग आठवल्यावाचून राहणार नाही. भेद एवढाच की, आपल्याकडे खांदा नात्याने दिला जातो आणि जॅक्सनच्या तळघरातील त्या दोघांना त्याचे पैसे मिळत होते. लिंच यांच्या सबंध लेखनाचा पेच या भेदात सामावलेला आहे. पैसे घेऊन उचललेला भार हा खांदा ठरतो काय?

एडवर्ड लिंच दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील आघाडीवर मरीन सैनिक होते. परतल्यावर ते या व्यवसायात स्थिरावले. त्यांना नऊ मुले झाली आणि त्यांतील बहुतेकांचा या ना त्या प्रकारे या व्यवसायाशी संबंध आला. ‘द अंडरटेकिंग’मधील वडिलांवरील निबंधात एका बापाचे विलक्षण चित्र आहे. गावातील मुलांना मूठमाती देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलांभोवती सर्वत्र मृत्यू दिसे: काड्यापेटीत, तळ्यात, सायकलीत, पावसाळी रस्त्यात. ज्या मुलाला काल पेटीत ठेवले तो असाच तर खेळत होता, हे त्याला विसरता येत नसे. आई मात्र देवावर भार टाकून मुलांना मोकळे सोडी. व्यवसाय घरात कसा शिरतो याचे इतके नेमके वर्णन क्वचितच वाचायला मिळते. कुटुंबवत्सल हे विशेषण अशा माणसाला सहज लावता येईल, पण त्या वात्सल्यात भीतीचा वाटा किती होता हे मुलाने लपवलेले नाही.

थॉमस यांनी डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात या विषयाचे शिक्षण घेतले आणि १९७४ साली मिलफर्डचे फ्यूनरल होम हाती घेतले. मिलफर्ड हे डेट्रॉइटच्या वायव्येस, ह्यूरन नदीकाठी वसलेले, काही हजार वस्तीचे गाव. १९२४ साली जनरल मोटर्सने मोटारींच्या चाचण्यांसाठी येथे मोठे मैदान उभारले. त्यापलीकडे नकाशावर ठळक व्हावे असे गावात फारसे काही नव्हते. या गावात लिंच वर्षाकाठी सुमारे दोनशे मृतांची व्यवस्था पाहत. रात्री दोन वाजता फोन वाजला की उठून जायचे, हा नेम. ज्याला काल वाण्याच्या दुकानात पाहिले त्याला आज स्नान घालायचे, आणि उद्या त्याची विधवा रस्त्यात भेटली तर तिच्या नजरेला नजर देता आली पाहिजे. लहान गावातील व्यावसायिकाची नीती पुष्कळदा या शेवटच्या गोष्टीवर टिकून असते. लिंच यांचा स्वतःचा संसार १९८० च्या दशकात मोडला आणि चार मुलांना त्यांनी एकट्याने वाढवले. कविताही याच वर्षांत प्रसिद्ध होऊ लागल्या.

कवितेकडे आणि निबंधाकडे त्यांना नेणारी वाट आयर्लंडमधून जाते. १९७० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास, ते पणजोबांचे मोव्हीनमधील घर शोधत गेले. घरात आतून नळ नव्हता, संडास नव्हता. अविवाहित वृद्ध भाऊबहीण तेथे राहत होती. १९९२ साली ती वृद्धा वारली तेव्हा तिने ते घर लिंच यांच्या नावे ठेवले होते. त्या घरात माणसे जन्मत आणि त्याच घरात मरत. शव बाहेरच्या खोलीत ठेवून शेजारी रात्रभर बसत. याच घरात पुढे लिंच यांनी संडास बसवला, आणि त्यातून एक खट्याळ परंतु गंभीर सिद्धान्त मांडला: शरीराची घाण ज्या नळांनी दृष्टीआड केली, त्याच वृत्तीने जन्म आणि मृत्यूही घराबाहेर नेले. अमेरिकेतील घरे सोयीची झाली आणि मृत माणूस गैरसोयीचा झाला. इतिहासलेखक हे आरोग्यव्यवस्था, इस्पितळे, नागरीकरण अशा शब्दांत सांगेल. लिंच ते एका संडासाच्या गोष्टीतून सांगतात. प्रमाण म्हणून ते अपुरे आहे, हे मान्य केले तरी निरीक्षणाची धार बोथट होत नाही.

आता या व्यवसायावरील सर्वांत मोठ्या आरोपपत्राकडे वळावे लागते. जेसिका मिटफर्ड यांचे ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ १९६३ साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील उमराव घराण्यात जन्मलेल्या, डाव्या विचारांच्या मिटफर्ड कॅलिफोर्नियात ओकलंड येथे राहत. त्यांचे पती कामगारसंघांचे वकील होते. कामगार मेल्यावर त्याच्या कुटुंबाला मिळणारी संघाची रक्कम जवळजवळ तंतोतंत अंत्यविधीच्या बिलात जाते, हे त्यांच्या लक्षात आले आणि तेथून या पुस्तकाचा आरंभ झाला. महागड्या पेट्या, अनावश्यक शवलेपन, कायद्याचा खोटा धाक, मृताला गाढ झोपलेला दाखवण्याचा अट्टहास या सर्वांचा मिटफर्ड यांनी निर्दय उपहास केला. पुस्तक प्रचंड खपले. केंद्रीय व्यापार आयोगाने केलेला आणि १९८४ साली लागू झालेला नियम, ज्यानुसार प्रत्येक वस्तूची व सेवेची किंमत वेगवेगळी लिहून देणे बंधनकारक झाले, तो त्या पुस्तकाने जागवलेल्या लोकमताशिवाय समजून घेता येत नाही.

लिंच यांनी मिटफर्ड यांना दिलेले उत्तर त्यांच्या अनेक निबंधांत विखुरलेले आहे. त्यांतील एक निबंध तर त्यासाठीच लिहिलेला आहे. त्यांचा मुद्दा असा: मिटफर्ड यांनी पेटीची किंमत पाहिली, पेटीतील माणूस पाहिला नाही. हिशेबाच्या भरात मृतदेह हा विल्हेवाट लावण्याचा जिन्नस ठरला. मृत्यू ही वस्तू खरेदीची घटना नव्हे. जिवंतांनी मृताला त्याच्या ठिकाणी पोहोचवायचे असते आणि पोहोचवता पोहोचवता आपणही कोठे तरी पोहोचायचे असते. शरीर हजर नसलेला, केवळ छायाचित्रे आणि आठवणी यांवर उरकलेला स्मृतिसमारंभ त्यांना वराविना लग्नासारखा वाटतो.

या उत्तरात बळ आहे, तसा अन्यायही आहे. बिल हातात घेऊन बसलेल्या कामगाराच्या विधवेला शरीराच्या अर्थपूर्णतेवरील निबंधाने काय दिलासा मिळणार? तिला दरपत्रकच हवे होते, आणि ते तिला मिटफर्ड यांच्या पक्षाने मिळवून दिले, लिंच यांच्या पक्षाने नव्हे. शिवाय वादातील एक पक्षकार स्वतः त्याच धंद्यातला आहे, ही गोष्ट कितीही सुंदर गद्याने झाकली जात नाही. मात्र येथे समीक्षकाने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. विल्यम कार्लोस विल्यम्स हे न्यू जर्सीमधील डॉक्टर, चेखव्ह हेही डॉक्टर. रुग्णांकडून मोबदला घेणाऱ्या या दोघांच्या शरीरविषयक लेखनाकडे कोणी संशयाने पाहत नाही. अंडरटेकर-कवीबाबत तो संशय तत्काळ जागा होतो. विल्यम्स यांची ‘ट्रॅक्ट’ ही कविता गावकऱ्यांना अंत्ययात्रा साधेपणाने कशी काढावी हे शिकवते आणि भाडोत्री थाटमाट नाकारते. ‘द अंडरटेकिंग’मधील अखेरच्या निबंधाला लिंच यांनी तेच नाव दिले आहे. कवितेत ज्या भाडोत्री माणसाला बाजूला सारले होते, तो तिचेच शीर्षक घेऊन आपल्या स्वतःच्या अंत्यविधीच्या सूचना लिहायला बसतो. तुलनात्मक अभ्यासाला याहून नेमका संवाद सहसा सापडणार नाही.

मिटफर्ड-लिंच वादाचा निकाल इतिहासाने दोघांच्याही अपेक्षेबाहेर लावला. मिटफर्ड यांच्या पुस्तकाच्या एक वर्ष आधी, १९६२ साली, ह्यूस्टन येथे सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली होती. पुढील दशकांत तिने आणि तिच्यासारख्या इतरांनी गावोगावची घरगुती फ्यूनरल होम्स विकत घेतली. पाटीवर जुन्या कुटुंबाचे नाव तसेच ठेवले. स्वस्त, झटपट, समारंभाविना दहन हा मिटफर्ड यांच्या पक्षाने सुचवलेला उपाय कंपन्यांनी उत्पादन म्हणून आत्मसात केला. मिटफर्ड यांना हा धोका दिसला होता. १९९६ साली त्यांचे निधन झाल्यावर १९९८ मध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत या कंपन्यांचा समाचार घेतलेला आहे. म्हणजे कंपनीच्या पाटीपुढे गावचा अंडरटेकर आणि त्याची कठोर टीकाकार एकाच बाजूला उभी होती, परंतु दोघांनी ते मोकळेपणाने कबूल केल्याचे दिसत नाही.

लिंच यांची बाजू वादात जितकी पटत नाही तितकी ती मिलफर्डच्या एका पुलाच्या हकिकतीत पटते. गावची ओक ग्रोव्ह दफनभूमी नदीपलीकडे आहे. तिकडे नेणारा जुना पूल मोडकळीस येऊन वाहतुकीला बंद झाला. अंत्ययात्रा मग गावाच्या मधून, सर्वांच्या डोळ्यांदेखत जाण्याऐवजी वळसा घालून मागच्या दाराने दफनभूमीत शिरू लागल्या. व्यवहाराच्या दृष्टीने काही अडले नव्हते: मोटारी पोहोचत होत्या, मृत पुरले जात होते. पण गावातील एका वयोवृद्ध स्त्रीला आपण अशा आडवाटेने जाणार ही कल्पना सहन होईना. तिने पुलासाठी ध्यास घेतला, लोकांना हलवले, आणि खटपटींनंतर पूल पुन्हा उभा राहिला. तो खुला झाला त्या प्रसंगासाठी लिंच यांनी कविता लिहिली. ती ‘स्टिल लाइफ इन मिलफर्ड’ (१९९८) या संग्रहात आहे. अंत्ययात्रा कोणत्या रस्त्याने जाते यावर गाव मृताला आपला मानते की नाही हे ठरते, ही जाणीव या हकिकतीच्या मुळाशी आहे. मराठी वाचकाने ती परकी मानण्याचे कारण नाही. कोणाची प्रेतयात्रा कोणत्या वाटेने जाऊ द्यायची, कोणाला कोणते स्मशान मोकळे, यांवरून आपल्या गावांत झालेले संघर्ष सर्वांना ठाऊक आहेत. मिलफर्डमध्ये प्रश्न जातीचा नव्हता आणि म्हणून तो पुलाने सुटला.

दहनाचा प्रश्न मात्र पुलाने सुटणारा नव्हता. १९६० च्या सुमारास अमेरिकेत शंभर मृतांमागे चौघांचेही दहन होत नसे. २०१५ साली दहनांची संख्या दफनांच्या पुढे गेली आणि त्यानंतर वाढतच राहिली. लिंच दहनाच्या विरोधात नाहीत. त्यांची तक्रार अशी की, अमेरिकी माणूस अग्नी स्वीकारतो पण अग्नीपाशी जात नाही. शव कोणी तरी नेते, काही दिवसांनी राखेची डबी येते. कुटुंबाने दाहिनीपर्यंत जावे, उभे राहावे, पाहावे, हा त्यांचा आग्रह ‘द गुड फ्यूनरल’ (२०१३) या धर्मोपदेशशास्त्राचे अध्यापक थॉमस लाँग यांच्यासमवेत लिहिलेल्या ग्रंथात सविस्तर आला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या हिंदू कुटुंबांना हे कोणी सांगावे लागत नाही. दाहिनीशी जमून, मंत्र म्हणून, मुलाने कळ दाबायची असा प्रघात त्यांनी तेथील यंत्रांशी जुळवून घेतला आहे, आणि त्यासाठी अनेक ठिकाणी फ्यूनरल होमच्या चालकांना आपल्या इमारतीत जागा करून द्यावी लागली. लिंच जे शिकवू पाहतात ते या कुटुंबांनी बरोबर आणले होते. फक्त तेथे पोहोचेपर्यंत तिरडी, खांदा आणि वाट या तिन्ही गोष्टी मागे पडल्या होत्या.

एडवर्ड लिंच १९९० च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडात हृदयविकाराने वारले. त्यांची इच्छा मुलांना ठाऊक होती. थॉमस आणि त्यांचा भाऊ शवलेपनाची पेटी घेऊन विमानाने तिकडे गेले आणि बापाचे शव त्यांनी स्वतः तयार केले: स्नान घातले, दाढी केली, कपडे चढवले. मग त्याला मिशिगनला घरी आणले. या प्रसंगाचे वर्णन लिंच अत्यंत कमी शब्दांत करतात. मिलफर्डचे फ्यूनरल होम पुढे थॉमस यांच्या मुलांकडे गेले.